माळवद पाडायचं की ठेवायचं?

मैत्रिणींनो, बर्फाचं घर उबदार कसं असेल हो? मी शिकवते त्या वर्गात इग्लूचं चित्र दाखवलं की हा प्रश्न ठरलेलाच. उत्तर सोपं आहे. वाऱ्यानं घट्ट बसलेल्या बर्फात हवा कोंडलेली असते, आणि ती आतली ऊब सहजी बाहेर जाऊ देत नाही. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक लांब पात्याच्या सुरीनं बर्फाचे ठोकळे कापतात, गोल फिरवत वर चढवतात आणि प्रत्येक ठोकळा थोडा आत कलता बसवतात. शेवटचा ठोकळा बसला की घुमट आपल्याच भारानं उभा राहतो. दार खाली, झोपायचा ओटा उंचावर, कारण ऊब वर चढते. आत सीलच्या चरबीचा दिवा, आणि पूर्वापार तो सांभाळायचं काम बाईचं! आता हौशी प्रवासी वाटाड्याबरोबर तिकडे जाऊन ही विद्या शिकतात.

मला अशी विद्या शिकायला लांब जावं लागलं नाही. आम्ही राहतो नांदेडला, पण सासर लातूर जिल्ह्यातल्या खेड्यात. तिथलं घर माळवदाचं. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, त्यावर तुळया, वर फळ्या, पाला आणि पांढऱ्या मातीचा थर. बाहेर चैत्र-वैशाखाचं ऊन रणरणत असतं, तेव्हा आत पंख्याशिवाय डोळा लागतो. पावसाळ्याआधी माळवदावर चढून गवत उपटायचं, चिरा बुजवायच्या, पाणी पन्हळीकडे वाहील असा उतार धरून माती चोपायची, हे सारं मला आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी शिकवलं.

पण अशाच घरांनी आपल्या माणसांचे जीवही घेतले आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चारच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. म्हणूनच धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, हे पाडून स्लॅब टाकू." आत्याबाई म्हणाल्या, "घर पाडणं एका दिवसाचं काम हाय, माय. बांधायला पिढी लागती."

दोघांचंही म्हणणं खरं होतं. दिरांना भीती होती ती आईच्याच जिवाची, कारण त्या घरात राहतात त्या एकट्या आत्याबाई. म्हणून एका जाणत्या अभियंत्याला घर दाखवलं. त्यांनी सांगितलं, दोष मातीचा नाही, जोडणीचा आहे. जाड भिंतीत आतला आणि बाहेरचा असे दोन पदर असतात. दोन्हींना धरून ठेवणारे आरपार दगड नसले, तर हादऱ्यानं पदर सुटतात आणि भिंत ढासळते. त्यात दरवर्षी नवी माती टाकून छताचा भार वाढलेला असतो. भूकंपानंतर सरकारनं घरांच्या मजबुतीची योजना राबवली, तेव्हा हेच उपाय सांगितले होते. गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या आणि घरोघरी जाऊन त्यांनी ते समजावून दिले.

आम्ही घर पाडलं नाही. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार सांधे घातले, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवला, खांब आणि तुळईच्या कोनात तिरके टेकू दिले आणि माळवदावरची जास्तीची माती उतरवली. माती उतरताना आत्याबाईंचा चेहरा उतरला होता, पण आडवं कुणी आलं नाही.

तुमच्या गावीही माळवद असेल, तर पावसाळ्याआधी एवढं पाहा: भिंतीला फुगवटा आहे का? तुळईच्या टोकाला वाळवी लागली आहे का? मातीचा थर किती जाड झाला आहे? दरवर्षी नवा थर चढवण्याआधी जुना काढा. आणि पाडायचं की ठेवायचं, हे जाणकाराला दाखवून मगच ठरवा. जुनं म्हणून पाडू नका, आणि जुनं म्हणून डोळे मिटून त्याखाली झोपूही नका!