आज्जीची कानडी

आमची आज्जी हिशोब मराठीत करायची आणि रडायची कानडीत. बेळगावकडच्या जैन घरांत यात नवल काहीच नाही. पण कॉलेजात गेले नि मला तिच्या कानडीची लाज वाटू लागली. मैत्रिणींसमोर ती बोलली, की मी विषय बदलायची.

एकदा ‘तिरुगाट’चं नाटक आलं. आज्जीला सोबत हवी, म्हणून सूर्यास्ताआधी जेवण उरकून नाइलाजानं गेले. आज्जी खळखळून हसत होती. मला अर्धं कळेना. शेवटी तीच कानात सांगू लागली, अगदी हळू, मला कुणासमोर लाज वाटू नये म्हणून!

पुढं के. व्ही. सुब्बण्णांविषयी वाचलं. शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडूचे सुपारीचे बागायतदार. १९४९ साली गावातच ‘नीनासम’ सुरू झाली, त्यांत ते पुढं होते. १९८० मध्ये त्याच खेड्यात नाटकाची शाळा काढली, १९८५ पासून ‘तिरुगाट’ गावोगाव फिरू लागली. शेक्सपिअर, ब्रेख्त खेड्यातल्या माणसाला त्याच्या भाषेत बघता यावेत, एवढाच हट्ट. १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तरी हेग्गोडू सुटलं नाही. २००५ मध्ये ते गेले.

त्यांनी खेड्याला कधी कमी लेखलं नाही. मी मात्र घरातल्या माणसाला लेखलं. आज्जी आता नाही. साठीत मी कानडी अक्षरं गिरवतेय. चुकले तर कानात सांगायला कुणी नाही.