ओल्या कागदावरचा उन्हाळा

मागच्या एप्रिलमध्ये महिनाभर वाईला मुक्काम टाकला. कृष्णेचे घाट जागेवर बसून जलरंगात रंगवायचे, दुसरं काही करायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. भल्या पहाटे बोर्ड, पॅलेट आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन मी मेणवली गाठायचे. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे काळ्या दगडाचा घाट नदीत उतरतो. तिथल्या छोट्या देवळात वसईच्या 1739च्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिच्यासमोरची पायरी ही माझी जागा.

पहिला आठवडा वाया गेला. पुण्यात पावसाळ्यात आकाशाचा वॉश टाकला की तो निवांत ओला राहतो. इथे नऊ वाजले की ब्रश कागदाच्या खालच्या टोकाला पोचेपर्यंत वरचा रंग वाळून कडक कडा धरायचा. एकही आकाश सलग उतरेना. रडू यायचं.

शेजारच्या पायरीवर एक मावशी रोज धुणं धुवायच्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "ताई, कागदाखाली वलं फडकं घाला की. माठाला आमी तेच गुंडाळतो."

दुसऱ्या दिवशी जाड सुती कागद नदीत दहा मिनिटं बुडवला. बोर्डावर भिजलेल्या पंच्याची घडी अंथरली, तिच्यावर कागद ठेवला. पंचा खालून ओल देत राहिला आणि कागद भर उन्हात अर्धा तास जिवंत राहिला. त्या सकाळी पहिल्यांदा आकाश नदीत विरघळलं, मध्ये एकही रेघ न उमटता.

मग खरे प्रयोग सुरू झाले. घाटाच्या दगडासाठी ट्यूबमधला काळा कधीच बंद केला. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना भरपूर पाण्यात एकत्र सोडले. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत साचतात आणि वाळल्यावर बारीक रवा दिसतो. बसाल्टचा खरखरीत पोत ब्रशने काढावा लागत नाही, पाणीच तो काढून देतं.

कागदाची चमक वाचायलाही तिथेच शिकले. आरशासारखी चमक असेल तर रंग वाट फुटेल तिकडे धावतो. ती मंदावून रेशमासारखी झाली की रंग पसरतो, पण आकार सोडत नाही. झाडांची प्रतिबिंबं तेव्हा टाकायची. चमक गेली, पण कागद मुठीच्या पाठीला गार लागतोय, तेव्हा हात आवरायचा. त्या वेळी एक थेंब पडला तरी पाणी रंगाला बाहेर ढकलतं आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो. नंतर तोच डाग मी मुद्दाम पाडू लागले. मावशींनी कपडा आपटला की पाण्यावर जो उजेड फुटायचा, तो मला दुसऱ्या कशानेच पकडता आला नव्हता.

शेवटच्या दिवशी घंटेचं देऊळ रंगवत होते. खालची एक पायरी राहिली होती आणि चमक गेली. कागदाला मुठीची पाठ लावली. गार होता. ब्रश धुऊन पिशवीत ठेवला.

ते चित्र आज माझ्या टेबलासमोर आहे. ती पायरी कोरी आहे, आणि तिथे सकाळचं ऊन पडलेलं दिसतं.