लाईट गेली तरी चार्जरचं बटन बंद करा



थंडी पडली की सकाळी ट्रॅक्टर स्टार्टर घेत नाही, मग रात्री बॅटरी चार्जिंगला लावायची गडबड सुरू होते. फवारणी पंप, झटका मशीन, इन्व्हर्टर धरला तर आता घरटी दोन-तीन बॅटऱ्या झाल्यात. कीटकनाशकाचा डबा आपण पोरांपासून लांब ठेवतो. बॅटरीला मात्र कुणी भीत नाही, म्हणून लिहितोय.

मागच्या वर्षी आमच्या शिवारातल्या एका पोराच्या तोंडासमोर बॅटरी फुटली. चार्जिंग चालू असताना लाईट गेली. आता करंट नाही म्हणून तो तसाच चिमटे काढायला लागला आणि तेवढ्यात लाईट आली. ठिणगी पडली, झाकण उडालं, ॲसिड तोंडावर. चुलत्यानं त्याला ओढत नळाखाली नेलं, पापण्या उघड्या धरून वीस मिनिटं डोळे धुतले आणि मग दवाखाना गाठला. लगेच पाणी मारलं म्हणून नजर वाचली, असं डॉक्टर म्हणाले.

हे का होतं? चार्जिंग पूर्ण होत आलं की बॅटरीतल्या पाण्यातून हायड्रोजन निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. हवेत 4 टक्के झाला तरी ठिणगीनं पेटतो. चार्जर बंद झाल्यावरही तो बॅटरीत काही वेळ साठून असतो.

आमच्याकडं पाळतो ती पद्धत अशी:

1. लावताना आधी चिमटे, मग बटन. काढताना आधी बटन बंद, मग चिमटे. लाईट नसली तरी हाच क्रम.

2. चार्जिंग पडवीत किंवा उघड्या शेडमध्ये. झोपायच्या खोलीत, चुलीजवळ, कडब्याजवळ नाही. जवळ बिडी नाही, आणि पाणी बघायला काडी तर कधीच ओढायची नाही.

3. बुचांची बारीक भोकं मातीनं बुजली असतील तर आधी साफ करायची. गॅस तिथूनच बाहेर जातो.

4. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर बुडण्यापुरतं डिस्टिल्ड वॉटर आधी घालायचं, बाकीची लेव्हल चार्जिंग झाल्यावर. विहिरीचं, बोअरचं पाणी नाही, वरून ॲसिडही नाही.

5. करंट अँपिअर-अवरच्या दहाव्या भागाएवढा. 88 ची बॅटरी असेल तर 8-9 अँपिअर. फवारणी पंपाची छोटी बॅटरी त्याच्याच चार्जरवर, ट्रॅक्टरच्या चार्जरवर नाही.

6. ट्रॅक्टरवरून बॅटरी उतरवताना निगेटिव्हची वायर आधी सोडायची, बसवताना ती शेवटी. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवायची. पान्हा दोन्ही टर्मिनलला एकदम टेकला तर मोठी ठिणगी पडते.

7. डोळ्याला गॉगल, हातात रबरी मोजे, शेजारी पाण्याची भरलेली बादली. ॲसिड जमिनीवर सांडलं तर खाण्याचा सोडा टाकायचा. डोळ्यात गेलं तर फक्त पाणी, भरपूर आणि लगेच, मग दवाखाना.

8. टर्मिनलवरची पांढरी पूड हाताला लागते, त्यात शिसं असतं. साबणानं हात धुतल्याशिवाय तंबाखू मळायची नाही.

हे घरातल्या पोरांना आणि गड्यालाही एकदा समोर उभं करून दाखवा. बहुतेक घरांत चिमटे तेच लावतात.