पुढल्या वर्षाची बाग

परीक्षित राजाला सात दिवसांची मुदत होती. शृंगीच्या शापाची वार्ता कळताच त्याने राज्य जनमेजयाच्या हाती सोपवले आणि तो गंगातीरी प्रायोपवेशनास बसला. मृत्यूची तिथी ठाऊक झालेल्या माणसाने काय करावे, या प्रश्नाचे हे उत्तर भारतीय मनात इतके रुजले आहे की त्यामागचे एक गृहीत सहसा ध्यानात येत नाही : राजा जाणार होता, राज्य राहणार होते.

नेव्हिल शूट या इंग्रज कादंबरीकाराने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑन द बीच’ या कादंबरीत नेमके हे गृहीतच काढून घेतले. कथानकाचा काळ लेखनकाळाच्या अगदी पुढचा, १९६३ चा. अणुयुद्धाने उत्तर गोलार्ध निर्मनुष्य झाला आहे आणि किरणोत्सर्गी धूळ वाऱ्यांबरोबर महिन्यामहिन्याने दक्षिणेकडे सरकते आहे. मेलबर्न शहराला काही महिने उरले आहेत. शूट मूळचा विमानविद्येतला अभियंता. १९५० मध्ये तो ऑस्ट्रेलियात येऊन स्थायिक झाला होता. त्याचा प्रलय पुराणातल्यासारखा गर्जत येत नाही, आगगाडीच्या वेळापत्रकासारखा येतो. ही केवळ कल्पनेची भरारीही नव्हती. १९५२ मध्ये ब्रिटनने ऑस्ट्रेलियाच्या मॉन्टे बेलो बेटांवर पहिला अणुस्फोट केला होता, आणि १९५४ मध्ये बिकिनीजवळच्या अमेरिकी चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशांच्या अंगावर पडली होती.

या उरलेल्या महिन्यांत माणसे काय करतात? नौदलातील अधिकारी पीटर होम्स आणि त्याची पत्नी मेरी बागेची आखणी करतात. कोणते झाड काढावे, काय लावावे, काही वर्षांनी ते कसे दिसेल, याची चर्चा रंगते. मोइरा डेव्हिडसन ही मद्यात बुडू पाहणारी तरुणी लघुलेखन आणि टंकलेखन शिकू लागते. अमेरिकन पाणबुडीचा कप्तान ड्वाइट टॉवर्स कनेक्टिकटमधल्या पत्नीसाठी व मुलांसाठी भेटी खरेदी करतो. ती सारी केव्हाच मरण पावली आहेत. मुलीसाठी उड्या मारायची स्प्रिंगची काठी हवी असते. मोइरा, जिचे त्याच्यावर प्रेम आहे, ती खटपट करून मिळवून देते. मत्स्यशिकारीचा हंगाम त्या वर्षी लवकर खुला करण्यात येतो, कारण नेहमीच्या तारखेपर्यंत कोणी असेलच याची खात्री नाही. नियम मोडला जात नाही, त्याची तारीख तेवढी बदलते. इतका कोरडा आणि इतका हृदयद्रावक विनोद त्या काळच्या युद्धसाहित्यात विरळाच.

ही सारी आत्मवंचना आहे, असा आक्षेप घेता येतो. तो निम्माच खरा आहे. या माणसांना सारे ठाऊक आहे. फक्त त्या ठाऊक असण्याला दिवसाचा कारभार ताब्यात देण्यास ती तयार नाहीत. परीक्षिताने संसार सोडला, कारण तो सांभाळायला मागे कोणी होते. येथे कोणाच्या हाती सोपवायचे? तेव्हा कर्तव्य पाहणारा कोणी उरणार नसतानाही ते करीत राहणे, एवढेच हाती राहते.

परंतु कादंबरीचे खरे मोल या शांततेपेक्षा ती जेथे तडकते तेथे आहे. अखेरच्या यातना टाळण्यासाठी औषधविक्रेत्यांकडे गोळ्या ठेवलेल्या आहेत. पीटर पाणबुडीवर जाण्यापूर्वी मेरीला समजावून सांगतो : तो परतला नाही तर तान्ह्या जेनिफरचा अंत तिनेच करायचा आहे. मेरी संतापाने पेटून उठते. नवऱ्याच्या हेतूविषयीच नाही नाही ते बोलते. साऱ्या पुस्तकात आवरून धरलेला आक्रोश येथे एका गृहिणीच्या तोंडून बाहेर पडतो, आणि बागेची ती आखणी कशाला आधार देत होती हे तेव्हा कळते.

शूटची मर्यादाही लपत नाही. त्याचे सभ्य मध्यमवर्गीय समाजचित्र फारच नीटनेटके आहे. एवढ्या मोठ्या शहरात लूटमार, दंगल, धर्मवेड जवळजवळ नाही. ज्यांच्या भूमीवर मारालिंगा येथे १९५६ पासून प्रत्यक्ष स्फोट झाले, ते आदिवासी तर या प्रलयात जणू आधीच नाहीसे झाले आहेत. हे मौन साधे नव्हे.

शूट १९६० च्या जानेवारीत वारला. त्याने प्रलयासाठी नेमलेल्या १९६३ याच वर्षी, ऑगस्टमध्ये, वातावरणातील अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार मॉस्कोत झाला.

कादंबरीतला एक दुय्यम प्रसंग मात्र वाचकाच्या मनातून हलत नाही. मृत उत्तरेच्या टेहळणीसाठी गेलेली पाणबुडी अमेरिकेच्या किनाऱ्यावर एका गावाजवळ पोहोचते. ते स्वेन नावाच्या खलाशाचे गाव. तो पाण्यात उडी घेऊन घरी पोहत जातो. घरात, गावात कोणी जिवंत नाही. दुसऱ्या दिवशी तो होडीत गळ टाकून बसलेला दिसतो. त्याला परत घेता येणार नाही, हे कप्तानाला आणि त्यालाही ठाऊक आहे. कप्तान ध्वनिवर्धकावरून त्याची विचारपूस करतो, रागावत नाही. मग पाणबुडी आपल्या वाटेने निघून जाते.