वेढ्यांचा हिशेब

साताऱ्याहून सांगलीकडे कृष्णेच्या काठाने उतरत जावे, तर उसाच्या फडांइतकीच आणखी एक गोष्ट जागोजाग दिसते : मोटार रिवाइंडिंगची पाटी. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर आपला कारखाना वसवला. तिथे आधी नांगर झाले, पुढे पंप झाले; आणि पंप आले की जळालेल्या मोटारीही आल्याच. विजेचा दाब उतरला की मोटार जास्त प्रवाह ओढते, तारेवरचे वार्निश करपते आणि ऐन उन्हाळ्यात पाणी थांबते.

मोटार भरणाऱ्या एका कारागिराशी माझा जुना स्नेह आहे. जळकी तार उपसण्यापूर्वी तो तिचे वेढे मोजून घेतो. तेवढेच वेढे, तेवढ्याच जाडीच्या तारेचे, पुन्हा भरायचे. कमी पडले तर मोटार तापते. त्याची दोन्ही मुले माझ्या हाताखाली शिकली. मुलाला त्याने पुण्याला कॉलेजात धाडले; मुलीला दुकानात वेढे मोजायला बसवले. “दोघांस्नी कुठनं पुरवू, मास्तर?” असे तो म्हणे. मुलीने मागाहून हट्टाने आय. टी. आय. केले. आज ती हैदराबादकडे एका कारखान्यात वेटोळीच गुंडाळते. मात्र तिची तार काचेची असते.

ही काच केसासारखी बारीक. एकेका वेटोळ्यात तिची लांबी शेकडो मीटर, कधी काही किलोमीटर. प्रकाशाचे दोन भाग करून ते या वेटोळ्यातून उलटसुलट दिशांनी धाडतात. वेटोळे स्थिर असेल तर दोघे एकदमच परततात. ते फिरले तर एकाला किंचित उशीर होतो. त्या उशिरावरून विमान, जहाज किंवा क्षेपणास्त्र किती वळले ते कळते. यामागचे तत्त्व सान्याक या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1913 साली प्रयोगाने दाखवले. काचेच्या तंतूत ते 1976 साली अमेरिकेत वाली आणि शॉर्टहिल यांनी उतरवले. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. तेवढी संथ गतीही चांगल्या यंत्राला जाणवते.

गेल्या दिवाळीत ती घरी आली होती. फराळ चालला असताना तात्यांनी विचारले, “ह्यानं पाणी चढतंय का?”

“नाही तात्या. पण अंधारातसुद्धा आपण कुठं वळलो ते कळतं.”

मग तिने दोऱ्याची दोन रिळे मागून घेतली आणि एका डब्यावर गुंडाळून दाखवू लागली. काच एका टोकाकडून गुंडाळत नाहीत. मध्यापासून सुरुवात करतात. आधी एका अर्ध्याचा एक थर, त्यावर दुसऱ्याचे दोन, मग पुन्हा पहिल्याचा. ताण जराही कमीजास्त होऊ द्यायचा नाही. शेवटी सगळे डिंकासारख्या द्रव्याने बसवायचे, जसे आपण वार्निश देतो तसे.

“एवढा खटाटोप कशापायी?” तात्या म्हणाले.

“एक अर्धा आत सावलीला आणि दुसरा बाहेर उन्हाला राहिला, तर ऊब दोघांना सारखी पोचत नाही. मग जागचं न हललेलं यंत्रसुद्धा ‘मी वळलो’ म्हणून सांगतं. दोघांना ऊन-सावली सारखीच लागते, तात्या.”

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. ती आपल्या कामाविषयीच बोलत होती. पण तिचा भाऊ ताटाकडे पाहू लागला. तात्या बराच वेळ त्या डब्यावरचे थर बोटाने चाचपीत बसले. मग हळूच म्हणाले, “आन् मधोमध कुठं, ते कसं वळखतीस?”

“मोजून. तुम्हीच नाही का शिकवलंत?”

यंदा त्यांची पुतणी बारावी झाली. कराडला इंजिनिअरिंगला तिचे नाव घालायला आणि फी भरायला तात्या दुकान बंद ठेवून स्वतः गेले होते.