शेवटचं कडवं

१९५६ साली ‘सी.आय.डी.’ पडद्यावर आला, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आमचा वर्धा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. आमच्या घरात मात्र होता. तोवर राजधानी म्हणजे नागपूर, दीड-दोन तासांवर. आता ती एकदम मुंबई झाली, आणि मुंबई दिसते कशी हे बाबांना या सिनेमानेच दाखवलं होतं.

गोष्ट साधी आहे. एका संपादकाचा खून होतो, इन्स्पेक्टर देव आनंद तपासाला लागतो, त्यात शकिलावर जीव जडतो. वहिदा रेहमान गुन्हेगाराच्या गोटातली. तिचा हा पहिला हिंदी सिनेमा. राज खोसलांनी वेग कुठे ढळू दिलेला नाही. पण खुनी कोण, हे आज कोणाला आठवतं? उरली ती ओ. पी. नय्यरची गाणी. त्यातही जॉनी वॉकरचं मुंबईवरचं. चाल ‘क्लेमेंटाइन’ या जुन्या अमेरिकन गाण्यावरून उचललेली, शब्द मजरूहचे. रफीच्या आवाजात तो खिसेकापू या शहरात जगणं किती कठीण ते सांगत राहतो. शेवटच्या कडव्यात गीता दत्त येते, त्यालाच चार शब्द सुनावते आणि ‘कठीण’च्या जागी ‘सोपं’ घालून मोकळी होते.

बाबा १९६३मध्ये मुंबईला कारकुनीला गेले. परळला एका खोलीत सहाजण. दोन वर्षांत परत आले. पुढे विविध भारतीवर सकाळी ‘भूले बिसरे गीत’मध्ये हे गाणं लागलं की रफीचा भाग संपेपर्यंत मान डोलवायचे, “बरोबर बोलते हा,” म्हणायचे आणि टॉवेल घेऊन आंघोळीला जायचे. गीता दत्त त्यांनी कधी ऐकलीच नाही. आई ऐकायची. तेवढ्यापुरतं लाटणं थांबायचं.

बाबा गेल्यावर एकदा मी तिला विचारलं, “तुला जायचं होतं का गं मुंबईला?”

“मले कोणी इचारलं?” ती म्हणाली. “त्यायनं पत्र धाडलं, का इथं तुह्यासारखीचा निभाव लागणार नाही. तुह्यासारखी म्हणजे कशी, ते नाही लिवलं.”

मग माझ्या मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाली, “ते गाणं हाय का त्याच्यात? बाईपासून लाव.”