बोर्डीच्या किनाऱ्यावर

घोलवड स्टेशनावर उतरून चिकूच्या वाड्यांमधून आम्ही बोर्डीला पोहोचलो. ताराबाई मोडकांनी १९४५ साली इथेच बालशिक्षणाचे काम सुरू केले; १९५७ मध्ये ते जवळच्या कोसबाड टेकडीवर गेले. पाने, बिया, शंख-शिंपले हेच त्यांचे साहित्य.

आमची नात शंभरपर्यंत घडाघडा म्हणते. (शाळाप्रवेशाची घाई, दुसरे काय!) पण वाळूत लांब पसरलेले पाच शिंपले तिला दाटीने ठेवलेल्या सहांपेक्षा जास्त वाटले. नानीने टोकले नाही. समोरासमोर जोड्या लावायला सांगितल्या. दाटीतला एक शिंपला एकटाच उरला. नात बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

डब्यातले खजूर तिनेच वाटले, प्रत्येकापुढे एक. आम्ही सहाजण, खजूर पाच. “एक कमी आहे, नानी,” ती न मोजताच म्हणाली.